टॅबवर बोलणाऱ्याचे बोलणे कसे मोजावे

तोंडाने पुरेसे बोलता न येणारे मूल टॅबवरची चित्रे दाबून बोलू लागले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, किती टक्के फरक पडला?’ प्रश्न रास्त आहे, कारण दर आठवड्याला एका माणसाचा खाडा करून आणि दोन रिक्षा बदलून हे लोक आपल्यापर्यंत पोहोचत असतात. मात्र उत्तर टक्क्यांत देता येत नाही, आणि आपल्यापैकी अनेक जण ते अंदाजाने देऊन मोकळे होतात. फाइलमध्ये ‘बरीच सुधारणा आहे’ एवढेच लिहिलेले असेल, तर वर्षभराने त्या वाक्यावरून बोर्ड, म्हणजे शब्दांच्या चित्रांची मांडणी, बदलावा की नाही, यंत्र बदलावे की नाही, शाळेत काय सांगावे, यांपैकी काहीही ठरवता येत नाही. सोलापुरात वाचा-भाषा उपचाराचे काम करताना मी स्वतः चुकतमाकत जी पद्धत बसवली, ती नव्याने काम सुरू करणारे उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि घरी नोंदी ठेवू इच्छिणारे पालक यांच्यासाठी येथे क्रमाने मांडत आहे.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, पक्षाघातानंतर गेलेली वाचा किंवा मोटर न्यूरॉनचा आजार अशा कारणांनी ज्यांना तोंडाने पुरेसे बोलता येत नाही, त्यांच्या संवादासाठी जी साधने व पद्धती वापरल्या जातात, त्यांना पूरक व पर्यायी संवाद किंवा थोडक्यात एएसी म्हणतात. त्यात चित्रांची वही आणि पुठ्ठ्याचा फलक येतो, आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ किंवा चेन्नईचे ‘आवाज’ यांसारखे ॲप असलेला टॅबही येतो, आणि नजरेने किंवा एकाच स्विचने चालणारे यंत्रही येते. पुढील विवेचन प्रामुख्याने टॅबला धरून आहे, परंतु वहीवर बोलणाऱ्यांसाठीही त्यातील बहुतेक भाग तसाच लागू पडतो.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहावा

मोजणीला बसण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते कागदावर उतरवावे. एएसीच्या संशोधक जॅनिस लाइट यांनी १९८९ मध्ये एएसी वापरणाऱ्यांच्या संवादक्षमतेचे चार भाग सांगितले: भाषेची जाण, यंत्र चालवण्याचे कौशल्य, कोणाशी केव्हा काय बोलावे याचे सामाजिक भान, आणि अडले तर वाट काढण्याची युक्ती. यातील यंत्र चालवण्याचे कौशल्य मोजायला सर्वांत सोपे असल्यामुळे बहुतेक फाइलींमध्ये तेवढेच सापडते. ‘दहापैकी आठ वेळा सांगितलेले चित्र बरोबर दाखवले’ ही नोंद घ्या. ज्याला तहान लागलेली नाही त्याने आपल्या सांगण्यावरून पाण्याचे चित्र दाखवले, एवढाच तिचा अर्थ होतो. ती बोटाची आणि चित्र ओळखण्याची परीक्षा झाली, आणि त्या व्यक्तीला काही म्हणायचे होते का, हे तिच्यावरून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या, माणसाची कार्यक्षमता व अपंगत्व यांच्या वर्गीकरणातही क्षमता आणि कामगिरी या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. ठरावीक, अनुकूल परिस्थितीत माणूस काय करू शकतो ती क्षमता, आणि आपल्या नेहमीच्या वातावरणात तो प्रत्यक्ष काय करतो ती कामगिरी. दवाखान्यातील शांत खोलीत, पंख्याखाली, समोर बसलेल्या उपचारतज्ज्ञाशी मूल काय बोलते यावरून क्षमतेचा अंदाज येतो. घरी, शाळेत आणि गल्लीत ते काय बोलते हे स्वतंत्रपणे मोजावे लागते, आणि या लेखाचा रोख त्यावरच आहे.

पायरी २ : परवानगी घ्यावी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बॅरी रोमिच आणि कात्या हिल यांनी संवादयंत्रातील प्रत्येक निवड वेळेसह आपोआप नोंदवण्याची पद्धत पुढे आणली, आणि आज अनेक ॲपमध्ये अशी सोय असते. ही नोंद म्हणजे त्या व्यक्तीने दिवसभरात उच्चारलेले प्रत्येक वाक्य. तोंडाने बोलणाऱ्या कोणाचेही स्वयंपाकघरातले बोलणे असे तास-मिनिट-सेकंदासह कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून नोंद का ठेवायची, कोण पाहणार आणि ती बंद कशी करायची, हे त्या व्यक्तीला तिच्याच बोर्डाचा आधार घेऊन समजावून सांगावे आणि तिचा होकार घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती सांगितली आहे. ती लेखी घ्यावीच, परंतु पालकांनी सही केली म्हणून मुलाला विचारायचे राहू नये.

हे मी अनुभवाने शिकले. एका तरुणाची आठवडाभराची नोंद मी उत्साहाच्या भरात त्याच्या वडिलांसमोरच उघडली आणि त्यात वडिलांविषयी त्याने मित्राला सांगितलेल्या चार गोष्टी निघाल्या. पुढचे दोन आठवडे त्याने घरी टॅबला हात लावला नाही, आणि त्या महिन्याचा आलेख खाली का आला हे शोधायला मला कोणतेही सूत्र लागले नाही. तेव्हापासून नोंद आधी ती व्यक्ती पाहते, नको तो भाग पुसते, आणि उरलेलीच माझ्याकडे येते.

पायरी ३ : मोजण्याआधी बैठक, आवाज आणि ऊन तपासावे

कमी गुण मुलाच्या नावावर पडतात, आणि दोष मात्र खुर्चीचा असतो. पाय टेकलेले आहेत का, टॅब हाताच्या टप्प्यात व डोळ्यांच्या रेषेत आहे का, चष्मा लावला आहे का, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, हे आधी पाहावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत अंगणात किंवा पत्र्याच्या खोलीत टॅब तापून मधेच बंद पडतो आणि उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी घेतलेली मोजणी पावसाळ्यातील मोजणीशी ताडून पाहू नये. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांना लागूनच यंत्रमागाचा कारखाना असतो, आणि माग चालू असले की टॅबचा आवाज पूर्ण वाढवला तरी दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. एका घरी मुलाची ‘आपणहून बोलण्याची’ संख्या सकाळी फार कमी आणि संध्याकाळी एकदम जास्त येत होती. प्रत्यक्ष घरी जाऊन बसल्यावर कळले की माग थांबल्यावरच त्याला उत्तर मिळत असे, आणि ज्या बोलण्याला उत्तरच येत नाही ते बोलणे त्याने शहाणपणाने सोडून दिले होते. परवडेल असा छोटा ब्लूटूथ स्पीकर खुर्चीला बांधल्यावर आधीची मोजणी बाद करून नव्याने सुरुवात करावी लागली.

पायरी ४ : नमुना गोळा करावा

भाषेच्या नमुन्यासाठी साधारण ५० ते १०० उद्गार, म्हणजे एका वेळी सांगितलेली वाक्ये किंवा सुटे शब्द, घेण्याचा प्रघात आहे. टॅबवर नव्याने बोलणाऱ्याचे ५० उद्गार एका बैठकीत मिळत नाहीत, म्हणून सलग एक आठवडा नोंद चालू ठेवावी आणि त्यात किमान तीन निरनिराळे प्रसंग यावेत, जसे की घरचे जेवण, शाळा आणि बाहेरचे कोणी घरी आले असतानाची वेळ. ॲपमध्ये नोंदीची सोय नसेल किंवा चित्रवही असेल, तर रोज दहा मिनिटांचे मोबाइलवरचे चित्रण पुरते. मोबाइल व्यक्तीच्या खांद्यामागून धरावा, म्हणजे बोट कुठे पडते तेही दिसते आणि समोरचा माणूस काय करतो तेही दिसते.

या पायरीवर नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत होते, आणि माझीही झाली आहे. आपण घरच्यांना सांगतो की मुलाशी बोलताना तुम्हीही टॅबवरची चित्रे दाबत बोला, म्हणजे त्याला ती भाषा वापरात दिसेल. हा सल्ला योग्य आहे, पण चित्र कोणाच्या बोटाने दाबले हे यंत्राला कळत नाही. एका आठवड्याची नोंद पाहून मी भारावून गेले होते: शब्द दुप्पट, वाक्ये लांब, क्रियापदे भरपूर. नंतर लक्षात आले की निम्म्याहून अधिक वाक्ये आजीची होती, आणि रात्री साडेनऊनंतर सलग चाळीस वेळा दाबलेला ‘हत्ती’ धाकट्या भावाचा होता. यावर सोपा उपाय असा की घरच्यांनी दाखवण्यासाठी त्याच बोर्डाची कागदी छापील प्रत वापरावी आणि टॅब फक्त ज्याचा आहे त्याच्या हाती राहावा. ते जमत नसेल, तर घरच्यांनी बोलण्याआधी आपसांत ठरवलेले एखादे नेहमी न लागणारे चित्र दाबावे, म्हणजे नंतर तो भाग नोंदीतून वगळता येतो.

पायरी ५ : नोंद वाचावी

आकडे काढण्याआधी नोंद ओळीने वाचून काढावी. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या जेवणाच्या वेळची, तिच्या परवानगीने ठेवलेली नोंद येथे देते.

१०:१४:०५ मला
१०:१४:१२ पाहिजे
१०:१४:२० (पुसले)
१०:१४:३१ कडक
१०:१४:४० भाकरी
१०:१४:५२ नको

अंतिम वाक्य चार शब्दांचे आहे: मला कडक भाकरी नको. परंतु या सहा ओळींतली मोलाची ओळ तिसरी आहे. ‘मला पाहिजे’ ही जोडी आम्ही वर्गात इतकी घोटून घेतली होती की तिचे बोट सवयीने तिकडे गेले. मग ती थांबली, ते पुसले, आणि अकरा सेकंदांनी तिने स्वतःचे वाक्य सुरू केले. तिला चावायला त्रास होतो. आई आमटीत चुरून देत असे आणि ती वर्षभर मुकाट्याने गिळत होती. कडक भाकरी हा आमच्या शहराचा अभिमान असल्यामुळे ती कोणाला नको असेल, अशी शंकाही घरात कोणाच्या मनात आली नव्हती. पुसलेल्या निवडींची संख्या अनेक जण ‘चुका’ या सदरात टाकतात. तसे करण्यापूर्वी प्रत्येक पुसण्याला दोनपैकी एक खूण द्यावी: बोट चुकीच्या जागी पडले म्हणून पुसले, की विचार बदलला म्हणून पुसले. पहिला प्रकार वाढत असेल तर चौकटींचा आकार किंवा बैठक तपासावी. दुसरा वाढत असेल तर ती भाषेची प्रगती समजावी.

पायरी ६ : उद्गार पाडावेत आणि मराठीचे नियम आधी ठरवावेत

एक उद्गार कुठे संपला हे ठरवण्यासाठी तीन खुणा घ्याव्यात: व्यक्तीने ‘बोल’ चे बटण दाबले, पडदा मोकळा केला, किंवा मान वर करून समोरच्याकडे पाहिले. नुसत्या थांबण्यावरून वाक्य तोडू नये, कारण टॅबवर दोन शब्दांमध्ये वीस सेकंदही जाऊ शकतात.

उद्गारांची सरासरी लांबी म्हणजे एकूण शब्द भागिले एकूण उद्गार. ५० उद्गारांत ११५ शब्द असतील, तर सरासरी २.३ येते. इथपर्यंत सोपे आहे. अडचण अशी की ही पद्धत इंग्रजीत घडली, आणि इंग्रजीत जे दोन-तीन शब्दांत सांगावे लागते ते मराठी एका शब्दात सांगते. ‘घरातून’, ‘आईसाठी’, ‘शाळेत’ हे प्रत्येकी एकच शब्द आहेत. त्यामुळे नुसते शब्द मोजले तर मराठीत बोलणाऱ्या मुलावर अन्याय होतो, आणि इंग्रजी तक्त्याशी तुलना केली तर तो दुप्पट होतो. म्हणून शब्दांच्या सरासरीबरोबर अर्थपूर्ण घटकांची सरासरीही काढावी. आमचे नियम असे आहेत: मूळ शब्दाला एक, विभक्तिप्रत्ययाला किंवा शब्दयोगी अव्ययाला एक, क्रियापदाच्या काळ-लिंग-वचनाच्या प्रत्ययाला मिळून एक, आणि सामान्यरूपामुळे होणाऱ्या बदलाला शून्य. म्हणजे ‘शाळेत’ हे दोन, ‘जाते’ हे दोन, ‘नको’ हे एक, आणि वरच्या मुलीचे वाक्य ‘मला’ चे दोन धरून पाच घटकांचे. तुमचे नियम यापेक्षा वेगळे असले तरी चालेल, पण ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत आणि मध्येच बदलू नयेत.

आणखी एक गोष्ट येथेच तपासावी. बोर्डावर ‘जाणे’ एवढेच चित्र असेल आणि ‘जाते’, ‘गेले’, ‘जाऊया’ असे काहीच नसेल, तर मूल ‘मी शाळा जाणे’ असेच म्हणणार. अशा बोर्डावरून काढलेली घटकांची सरासरी बोर्डाची मर्यादा दाखवते, मुलाची नव्हे. अहवालात तसे स्पष्ट लिहावे आणि आधी बोर्ड दुरुस्त करावा.

पायरी ७ : वेग काढावा, पण त्याला डोक्यावर बसवू नये

मिनिटाला किती शब्द, हा आकडा सर्वांना आवडतो. तो काढताना पहिल्या शब्दाचा घोळ होतो. पहिले चित्र दाबले जाते तेव्हाच आपले घड्याळ सुरू होते. त्याआधी ते शोधायला किती वेळ गेला हे नोंदीत नसते, म्हणून पहिला शब्द मोजणीतून वगळावा. वरच्या वाक्यात १०:१४:०५ ते १०:१४:५२ असे ४७ सेकंद आहेत आणि त्यात पुढचे तीन शब्द आले, म्हणजे वेग मिनिटाला सुमारे ३.८ शब्द. चारही शब्द धरले असते तर तो ५.१ आला असता. एका महिन्यात एक पद्धत आणि दुसऱ्या महिन्यात दुसरी वापरली, तर काहीच न घडता ‘तीस टक्के सुधारणा’ कागदावर उभी राहते.

संदर्भासाठी, इंग्रजी संभाषणात तोंडाने बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १५० ते २०० शब्द बोलतो, आणि एएसी वापरणाऱ्यांचा वेग बहुधा १५ च्या खाली असतो. हे पालकांना आधीच सांगितलेले बरे, म्हणजे ३.८ हा आकडा ऐकून त्यांचा चेहरा पडत नाही.

स्विचने चालणाऱ्या यंत्रात तर वेगाची कमाल मर्यादा आपणच घालून दिलेली असते. अशा यंत्रात उजळलेली चौकट एकेका चित्रावरून आपोआप पुढे सरकत जाते, आणि ती हव्या चित्रावर आली की स्विच दाबायचा असतो. समजा, चौकट दर दीड सेकंदाला पुढे सरकते आणि हवा तो शब्द गाठायला सरासरी आठ चौकटी लागतात. मग एका शब्दाला बारा सेकंद गेलेच, आणि ती व्यक्ती कितीही तरबेज असली तरी मिनिटाला पाचाच्या वर शब्द जाऊ शकत नाहीत. म्हणून चौकट सरकण्याचा वेग प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहावा. तो बदलला की जुना आलेख तिथेच थांबवून नवा सुरू करावा.

तयार वाक्ये वेगळी मोजावीत. ‘मला सात रस्त्याला जायचे आहे’ (सात रस्ता हा सोलापुरातला चौक) हे एका बटणात भरलेले असेल, तर एका स्पर्शात पाच शब्द बाहेर पडतात आणि लांबी व वेग दोन्ही फुगतात. रिक्षावाला ताटकळत नाही, म्हणून तिथे तयार वाक्यच हवे. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र भाषा किती आली हे पाहताना स्वतः जुळवलेली वाक्येच धरावीत, आणि तयार वाक्यांसाठी योग्य वेळी योग्य वाक्य निवडले का, एवढेच पाहावे.

पायरी ८ : शब्द कोणते आणि कशासाठी

त्याच ५० उद्गारांत किती निरनिराळे शब्द आले ते मोजावे. नमुना लहान-मोठा झाला की हा आकडा बदलतो, म्हणून उद्गारांची संख्या दर वेळी तेवढीच ठेवावी. त्यानंतर शब्दांचे दोन ढीग करावेत. पहिल्यात सगळीकडे चालणारे नेहमीचे शब्द: मी, तू, हे, ते, नको, हवे, अजून, झाले, दे, ये, थांब, बघ, कुठे, का. दुसऱ्यात वस्तूंची नावे. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग थोड्या नेहमीच्या शब्दांनीच भरलेला असतो, तरीही आपल्याकडचे बोर्ड फळे, भाज्या आणि प्राणी यांनी भरलेले असतात. मुलाच्या नमुन्यात नव्वद टक्के नामे निघाली, तर दोष मुलात शोधण्याआधी बोर्डाची पहिली दोन पाने उघडून पाहावीत. अशा नेहमीच्या शब्दांच्या इंग्रजी याद्यांचे भाषांतर करून भागत नाही. त्यातील अनेक छोट्या शब्दांना मराठीत वेगळा शब्दच नसतो, आणि आपला ‘नको’ त्या यादीत सापडत नाही.

मग प्रत्येक उद्गारापुढे तो कशासाठी होता ते लिहावे. लाइट यांनीच १९८८ मध्ये संवादाचे चार हेतू सांगितले होते: गरज सांगणे, माहिती देणे-घेणे, जवळीक साधणे आणि रीतभात पाळणे. एका पानावर चार रकाने आखून काड्या ओढत गेले की अर्ध्या तासात चित्र उभे राहते. बहुतेक नमुन्यांत पहिला रकाना भरून वाहतो आणि तिसरा कोरा असतो. म्हणजे मूल मागण्यापुरते बोलते आहे. भावाला चिडवायला, शेजारच्या मावशींना ‘काय करताय’ विचारायला त्याला शब्दच दिलेले नाहीत किंवा वेळच दिलेला नाही.

पायरी ९ : समोरच्यालाही मोजावे

संवाद दोघांचा असतो आणि नोंद एकाचीच होते. चित्रणाच्या दहा मिनिटांत समोरच्या व्यक्तीच्या तीन गोष्टी मोजाव्यात: प्रश्न विचारल्यावर ती किती सेकंद थांबते, तिच्या प्रश्नांपैकी किती ‘हो-नाही’ चे आहेत, आणि मूल दाबत असताना ती मधेच वाक्य पूर्ण करून टाकते का. प्रश्नानंतर मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प बसा, एवढे सांगून आठवडाभराने पुन्हा चित्रण घ्यावे. मी पाहिलेल्या अनेक घरांत मुलाचे आकडे औषध-उपचाराने हलले नाहीत, ते आई थांबू लागल्यावर हलले.

मुलाच्या इतर खुणाही पानावर घ्याव्यात. मान हलवणे, नजर, हुंकार, आईचा पदर ओढणे यांची यंत्रात नोंद होत नाही, पण तोही संवादच आहे. सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका घरी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिची नजर पानावर आणि बोटे तंबाखूत असल्यामुळे मुलीच्या खुणा तिला दिसणे शक्य नव्हते, म्हणून आईशी बोलताना मुलगी टॅब वापरी आणि समोर बसलेल्या आजोबांशी नुसत्या भुवयांनी बोले. आजोबांबरोबरचा टॅबचा आकडा जवळजवळ शून्य होता, आणि गप्पा मात्र त्यांच्याशीच जास्त चालत.

पायरी १० : घरची भाषा वेगळी असेल तर

सोलापुरात ही पायरी टाळता येत नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड, शेजारी दखनी, शाळेत मराठी आणि टॅबवरही मराठी, असे मूल इथे सर्रास भेटते. ज्याला घरी पाणी ‘नीळ्ळु’ म्हणून कळते, त्याने मराठी बोर्डावर शब्द शोधायला वेळ लावला तर त्या वेळेत भाषांतरही दडलेले असते. अशा वेळी दोन्ही भाषांतील शब्दांची एकत्र गणती करावी, घरची व शाळेची नोंद वेगळ्या पानांवर ठेवावी, आणि शक्य तिथे घरच्या भाषेतील नेहमीचे पंधरा-वीस शब्द घरच्याच माणसाच्या आवाजात टॅबमध्ये भरावेत. ते भरल्यानंतरची मोजणी ही नवी सुरुवात समजावी.

पायरी ११ : तुलना आणि अहवाल

तुलना त्या व्यक्तीची तिच्याशीच करावी, आणि तीही एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी नव्हे. उपचारात बदल करण्यापूर्वी तीन आठवड्यांचे आकडे हाती असावेत, म्हणजे नेहमीची चढ-उतार किती असते ते कळते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर मोजावे. बोर्डावरील चित्रांच्या जागा बदलल्या की वेग काही आठवडे घसरतोच. आलेखावर त्या तारखेला उभी रेघ मारून कारण लिहून ठेवावे.

पालकांना टक्क्यांऐवजी काय सांगावे, यासाठी १९६८ मध्ये किरेसुक आणि शेरमन यांनी मांडलेली ध्येयपूर्तीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी मला सर्वांत उपयोगी वाटते. ध्येय घरच्यांसोबत ठरवावे, उदाहरणार्थ ‘आईखेरीज आणखी कोणाशी तरी आपणहून बोलणे सुरू करणे’. आज ते आठवड्यात एकदाही होत नसेल तर ते उणे दोन. एकदा झाले तर उणे एक, तीनदा हे अपेक्षित म्हणून शून्य, पाचदा अधिक एक, आणि त्याहून जास्त अधिक दोन. हे आजीलाही समजते आणि तीच सगळ्यांत काटेकोर नोंद ठेवते.

अहवालात किती उद्गारांचा नमुना, कोणत्या प्रसंगी, कोणते ॲप, किती चौकटींचा बोर्ड, नियम कोणते, हे पहिल्या परिच्छेदात यावे. ते नसेल तर पुढचे आकडे दुसऱ्या उपचारतज्ज्ञाच्या काहीच कामाचे नाहीत.

शेवटी कोऱ्या दिवसांविषयी. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेच्या दिवसांत आमच्या जवळजवळ सर्व नोंदी रिकाम्या असतात. कारण विचारले तर घरचे सांगतात की गर्दीत टॅब चोरीला जाईल म्हणून तो कपाटात ठेवला होता. म्हणजे वर्षातल्या ज्या संध्याकाळी पाळणे, भेळ, दिवे आणि भेटणारे नातेवाईक यांविषयी मुलाला सर्वाधिक बोलायचे असते, त्याच संध्याकाळी त्याच्याकडे शब्द नसतात. अशा दिवसापुढे शून्य लिहू नये. सरासरीत शून्य मिसळले की आकडा खोटा होतो. त्या रकान्यात ‘यंत्र जवळ नव्हते’ असे लिहून तो दिवस गणतीबाहेर ठेवावा, असे दिवस महिन्यात किती होतात ते स्वतंत्र मोजावे, आणि पुढच्या यात्रेआधी बारा-पंधरा शब्दांचा प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागदी फलक दोरीने मुलाच्या गळ्यात अडकवून द्यावा. त्यात ‘पाळण्यात बसायचे’ च्या शेजारी ‘आता घरी चला’ हेही असू द्यावे.